प्रश्न गावापुढे मांडताना: बेळगाव भागातल्या लहान कंपन्यांसाठी क्राउडसोर्सिंग

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) असो, निपाणी-अथणीकडचा चप्पल कारखाना असो की बेळगाव शहरातला कुंदा करणारा हलवाई, प्रत्येकाकडे वर्षानुवर्षं न सुटलेला एखादा प्रश्न पडून असतो. पगारपत्रकावरची माणसं त्याला सरावलेली असतात. असा प्रश्न बाहेरच्या अनेकांपुढे उघडपणे मांडायचा, उत्तरं मागवायची आणि चांगल्या उत्तराचा मोबदला द्यायचा, या पद्धतीला जेफ हाउ या पत्रकाराने २००६ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात क्राउडसोर्सिंग हे नाव दिलं. पद्धत त्याहून बरीच जुनी आहे.

प्रयत्न फसतो तेव्हा मालक म्हणतात, लोकांकडून प्रतिसाद आला नाही. खरं कारण बहुतेक वेळा घरातच असतं. प्रश्न कच्चा असतो, किंवा आलेली उत्तरं वाचून निवाडा करायला कुणालाच वेळ दिलेला नसतो. म्हणून इथे जाहिरातीवर थोडं, आणि प्रश्न बांधणं व छाननी यावर जास्त लिहिलं आहे.

लोकांकडून नेमकं काय हवंय?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण त्यावरच मोबदला कसा द्यायचा ते अवलंबून असतं. एकच उत्तम उत्तर हवं असेल (दोषाचं कारण, नवा ब्रॅकेट, बोधचिन्ह) तर स्पर्धा लावा. भारतीय रुपयाचं चिन्ह असंच खुल्या स्पर्धेतून आलं आणि २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. स्वच्छ भारत मोहिमेचं बोधचिन्हही ‘मायगव्ह’ या सरकारी संकेतस्थळावरच्या खुल्या आवाहनातून आलं, आणि ते काढणारा डिझायनर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा.

पुष्कळ लहान, एकसारखी कामं हवी असतील तर स्पर्धा लावू नका. नगावर पैसे द्या. समजा, एका वितरकाला खानापूर तालुक्यातल्या सगळ्या किराणा दुकानांची जागा, फोटो आणि कुठला माल ठेवतात ही माहिती हवी आहे. कॉलेजच्या मुलांना नगामागे दर ठरवून द्या, पण आधी स्वतः दहा दुकानं करून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. एका दुकानाला प्रवासासकट बारा मिनिटं लागत असतील तर तासाला पाच दुकानं होतात. दर असा ठेवा की तासाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाणार नाही, आणि पेट्रोल वेगळं द्या. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते, त्यामुळे नेट नसतानाही माहिती साठवून नंतर पाठवणारं अॅप घ्या. तपासणीची युक्ती सोपी आहे: ज्यांची माहिती तुमच्याकडे आधीच पक्की आहे अशी वीस दुकानं यादीत गुपचूप मिसळा. त्यात ज्याची चूक निघते, त्याची बाकीची नोंदही पुन्हा तपासा. शिवाय दर दहा नोंदींमागे एका दुकानाला फोन.

अंदाज हवा असेल तर त्याला ना बक्षीस लागतं ना पोर्टल. फ्रान्सिस गॉल्टनने १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या एका जत्रेतल्या ७८७ चिठ्ठ्या मांडून पाहिल्या. बैल कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, हे लोकांनी लिहिलं होतं. मधली चिठ्ठी १,२०७ पौंडांची निघाली, खरं वजन भरलं १,१९८. दिवाळीला कुंदा किती किलो लागेल हे ठरवायला हलवायानेही हेच करावं. काउंटरवरची मुलं, डिलिव्हरीवाले, बसस्टँडजवळचे किरकोळ विक्रेते, दूधवाला अशा वीस-पंचवीस जणांकडून चिठ्ठीवर आकडा घ्यायचा. दोन गोष्टी सांभाळा. लिहिण्याआधी कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि मालकाने स्वतःचा आकडा तोंडातून काढायचा नाही. ‘गेल्या वर्षी चारशे किलो गेला’ असं शेटजी म्हणाले की सगळ्या चिठ्ठ्या चारशेच्या आसपास येतात आणि खेळ तिथेच संपतो. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून मधली घ्या. सरासरी काढू नका. कुणी एकाने गमतीत पाच हजार लिहिलं तर ती बिघडते.

चौथा प्रकार धंद्याच्या मांडणीतच बसतो: डिझाइन लोकांचं, निवड लोकांची, खरेदीही त्यांचीच. शिकागोची थ्रेडलेस ही टी-शर्ट कंपनी २००० पासून याच पायावर उभी आहे. आपल्या भागात हे चप्पल, साडी, पिशव्या अशा मालाला लागू पडतं. त्याबद्दल पुढे.

आधी आतली माणसं

बाहेर जाण्यापूर्वी दोन आठवडे हाच प्रश्न कामगारांपुढे ठेवा. फेटलिंगला (ओतीव घासून साफ करायला) बसणाऱ्या माणसाच्या हातातून रोज शेकडो नग जातात. दोष कुठल्या पाळीच्या मालात जास्त दिसतो, हे त्याने फार पूर्वी हेरलेलं असतं, पण त्याला कुणी विचारलेलं नसतं. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्येच बसवली होती.

हे केवळ चांगुलपणापोटी करायचं नाही. कामगाराने तीन वर्षांपूर्वी फुकट सांगितलेली गोष्ट बाहेरच्या कुणी लिहून पाठवली आणि त्याला २५ हजारांचा धनादेश मिळाला, तर तुमच्या कारखान्यात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. आतल्या फेरीत उपयोगी पडलेल्या प्रत्येक सूचनेला रोख ५०० रुपये द्या, पगारात मिळवू नका, त्याच आठवड्यात हातात द्या. नाव फलकावर लिहायचं का, ते त्यालाच विचारा. सुपरवायझरची चूक दाखवणाऱ्याला ते नको असू शकतं.

प्रश्न बांधणं

साचा वाकडा असेल तर ओतीव सरळ येत नाही, हे फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. ‘आमच्या कास्टिंगमधलं रिजेक्शन कमी करण्यासाठी उपाय सुचवा’ असा प्रश्न टाकलात की ‘क्वालिटी सुधारा’, ‘कामगारांना ट्रेनिंग द्या’, ‘वास्तू तपासून घ्या’ अशी उत्तरं येतात. त्यात पाठवणाऱ्यांचा दोष नाही. जेवढं दिलं तेवढ्यावरच ते बोलणार.

तोच प्रश्न असा लिहून पाहा. आकडे उदाहरणादाखल आहेत. (ग्रीन सँड म्हणजे साच्याची ओलसर वाळू, कोअर म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात बसवलेला वाळूचा गाभा, पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, आणि हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी वितळवून ओतलेला धातू.)

‘ग्रे आयर्न, एफजी २६०. पंप हाउसिंग, वजन ६ किलो. ग्रीन सँड मोल्ड, शेल कोअर. मशिनिंगनंतर कोअरच्या बाजूच्या भिंतीत, पृष्ठभागाखाली २ ते ३ मिलिमीटरवर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं सापडतात. १०० नगांत सरासरी ७. भट्टी, मोल्डिंग मशिन आणि पॅटर्नची मुख्य मापं बदलता येणार नाहीत. नगामागे वाढीव खर्च ८ रुपयांपर्यंत चालेल. यश म्हणजे सलग ३ हीटमध्ये, किमान ३०० नगांत, हा दोष ३ टक्क्यांच्या आत.’

दोष काय, कुठे, किती. काय बदलता येत नाही. खर्चाची मर्यादा काय. आणि ‘सुटला’ असं कधी म्हणायचं, हे सगळं त्यात आलं. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं, कारण बक्षिसावरून भांडण होतं ते तिथेच.

सोबत माहितीचा संच द्या. कापलेल्या नगांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. गेल्या ३० हीटचा तक्ता: ओतण्याचं तापमान, सँडमधली ओल, परमिअॅबिलिटी (वाळूतून वायू किती सहज निघतो), कोअर बनवल्यापासून ओतेपर्यंत गेलेले तास, रिजेक्शन. आणि आजवर काय करून पाहिलं त्याची यादी, फरक पडला नाही त्यासह. ‘व्हेंट वाढवले, ७ वरून ६ वर आलं, महिन्याने परत ७’ ही एक ओळ लिहिलीत (व्हेंट म्हणजे वायू बाहेर पडायच्या वाटा) की व्हेंट वाढवा म्हणणारी निम्मी उत्तरं वाचायची वाचतात.

माहिती देताना हात आखडतो, हे खरं. पण आखडता हात महाग पडतो. कॅनडातल्या गोल्डकॉर्पने २००० साली रेड लेक खाणीची भूगर्भाची माहिती सरळ जगापुढे ठेवली, सोने कुठे खणायचं ते विचारलं आणि ५ लाख ७५ हजार डॉलरची बक्षिसं ठेवली. खाणधंद्यात अशी माहिती म्हणजे तिजोरीची किल्ली समजली जाते. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) २०१३ मध्ये ग्रॅबकॅड या इंजिनिअरांच्या संकेतस्थळावर विमानाच्या इंजिनाचा एक ब्रॅकेट हलका करायला सांगितलं तेव्हा भाग कुठल्या चौकटीत बसला पाहिजे, कुठल्या दिशेने किती भार येणार आणि धातू कोणता, हे नेमकं दिलं होतं. सुमारे ७०० आराखडे आले. पहिला आला इंडोनेशियातला एक तरुण इंजिनिअर; २,०३३ ग्रॅमचा भाग त्याने ३२७ ग्रॅमवर आणला.

बेळगावात मात्र एक फास आहे, त्यात अडकू नका. इथे पुष्कळ माल जॉबवर्कचा असतो. हायड्रॉलिक्स असो की विमानाचे सुटे भाग, ड्रॉइंग ग्राहकाचं असतं आणि त्यावर गोपनीयतेचा करार असतो. ते ड्रॉइंग स्पर्धेत टाकलंत तर ग्राहकही जाईल आणि वर नोटीसही येईल. ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर डमी भाग काढा: भिंतींची जाडी जिथे बदलते तो भाग आणि कोअरचा आकार तसाच ठेवा, बाकी सगळं वेगळं. फोटोत ग्राहकाचा लोगो, पार्ट नंबर किंवा हीट कोड राहिलेला नाही ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा.

संच तयार झाला की थेट जाहीर करू नका. आधी प्रश्न माहीत नसलेल्या पाच जणांना द्या: एक निवृत्त सुपरवायझर, एक पॅटर्नमेकर, पॉलिटेक्निकचा एक शिक्षक, दोन विद्यार्थी. ते जे विचारतील तेच संचातून राहिलेलं आहे. साधारण दहा-बारा शंका निघतात.

बक्षीस किती

नफ्यातून मागे मोजत या. वरच्याच उदाहरणात महिन्याला १,२०० नग निघतात, पैकी ८४ बाद होतात. किलोला ११० रुपये भाव मिळाला असता आणि भट्टीत परत टाकताना धातूचे ३५ रुपये सुटले असं धरू. किलोला ७५, म्हणजे नगाला ४५० रुपये नुकसान, महिन्याला ३७,८००. दोष निम्म्यावर आला तर वर्षाला २,२६,८०० रुपये वाचतात. याचा चौथा हिस्सा स्पर्धेवर घालणं परवडतं, म्हणजे ५५ हजारांच्या आसपास: पहिल्याला २५, दुसऱ्याला १०, अंतिम फेरीतल्या उरलेल्या चौघांना अडीच-अडीच, आतल्या फेरीला ५ आणि छपाई-भाषांतराला ५. चाचणीचे नग ओतण्याचा खर्च यात धरलेला नाही. तो प्रॉडक्शनच्या खात्यातून जाऊ द्या.

सगळे पैसे एकाच विजेत्याला देण्याचा मोह टाळा. अंतिम फेरीत आलेल्या माणसाने तुमच्यासाठी दोन-तीन संध्याकाळी घातलेल्या असतात. तो हात हलवत परत गेला तर पुढच्या वेळी येणार नाही, आणि ही गावं लहान आहेत; उद्यमबागेतली गोष्ट मच्छ्याला पोचायला एक चहा पुरतो. पहिलं बक्षीस दोन टप्प्यांत द्या: निवड झाल्यावर ४० टक्के, चाचणी उतरल्यावर ६०. चाचणी घ्यायला तुम्हीच उशीर केलात तर ९० दिवसांनी उरलेली रक्कम आपोआप देय होईल, असं नियमात लिहा. चाचणी तुमच्या हातात असताना त्याचे पैसे तिच्यावर लटकवून ठेवणं बरोबर नाही.

बक्षिसावर टीडीएस कापायचा का आणि किती, हे जाहिरातीआधी सीएला विचारा. ‘२५ हजार’ छापून हातात कमी पडले की माणूस तुम्हालाच लबाड म्हणतो. रक्कम करापूर्वीची की नंतरची ते स्पष्ट लिहा. भाग घेणाऱ्यांत चिठ्ठी टाकून स्कूटर देण्यासारखा लकी ड्रॉ जोडू नका. लॉटरीच्या कायद्यात अडकायचं काही कारण नाही.

हक्कांचं एक पान

नियमावली एका पानात बसली पाहिजे. दहा पानं कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या कलमावरून पुढे वाद होतो.

रेखाचित्र, बोधचिन्ह, मजकूर यांचा कॉपीराइट मुळात ते करणाऱ्याचा असतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे तो तुमच्या नावे व्हायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. ‘एन्ट्री पाठवली म्हणजे हक्क आमचे’ अशी ओळ पोस्टरवर छापून भागत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. म्हणून विजेत्याबरोबर वेगळा करार करा, त्यात मुदत, प्रदेश आणि मोबदला तिन्ही लिहा, आणि रक्कम पोचल्यावर हक्क हस्तांतरित होतील असं ठेवा. जे जिंकले नाहीत त्यांचं त्यांच्याकडेच राहू द्या. सगळ्यांचं सगळं आपलं करून घेणारी नियमावली पाहिली की जाणकार माणूस बाजूला होतो आणि हौशी तेवढे उरतात.

तांत्रिक कल्पनेचं वेगळं आहे. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, आणि पेटंट हवं असेल तर अर्जाआधी ती जगजाहीर झालेली चालत नाही. तुमच्या प्रश्नातच तुमची नवी रचना उघडी पडत असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आलेली उत्तरंही निकालाआधी फेसबुकवर लावू नका, पाठवणाऱ्याचा पेटंटचा मार्ग बंद होईल.

आणखी काही ओळी लागतात: कंपनी अशाच एखाद्या उपायावर आधीपासून काम करत असू शकते (तसं असेल तर आजच्या तारखेची नोंद करून सीलबंद ठेवा), कर्मचाऱ्यांचे आणि परीक्षकांचे नातेवाईक भाग घेऊ शकत नाहीत, १८ वर्षांखालच्यासाठी पालकाची सही, निकालाची तारीख. निकाल जाहीर करणं टाळू नका. विक्रीला जोडलेल्या योजनेचा अंतिम निकाल दडवणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. नाव, फोन, गाव एवढंच मागा. आधार कार्डाची प्रत कशाला हवी? ती सांभाळण्याची जबाबदारी उगाच अंगावर येते.

दोन भाषा, एक प्रश्न

आपल्या भागात प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच दिवशी, एकाच पानावर निघाला पाहिजे. एका भाषेतला चार दिवस उशिरा आला की स्पर्धेबद्दल कुणी बोलत नाही, उशिराबद्दल बोलतात. तांत्रिक शब्द दोन्हीकडे तेच ठेवा. कोअर, व्हेंट, गेटिंग हे शब्द कडोलीचा कामगार आणि गोकाकचा कामगार सारखेच वापरतात. भाषांतर झाल्यावर तिसऱ्या माणसाला कन्नड मजकूर वाचून त्याचा अर्थ मराठीत तोंडी सांगायला लावा. ‘८ रुपयांपर्यंत’चं ‘८ रुपयांपासून’ झालेलं असेल तर तिथेच सापडतं. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या पाटीशेजारी कायमचा फलक लावणार असाल तर कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नडची अट आहे, हे धरून चला.

मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास संपवू नका. कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, बंदोबस्त यात कुरिअरही हलत नाही. गणपतीचे दहा दिवसही सोडा. अर्धीअधिक उत्तरं शेवटच्या तीन दिवसांत येतात, त्यामुळे मुदत बुधवारी संध्याकाळी सहाला संपवा, रविवारी मध्यरात्री नको. फॉर्म अडकला तर फोन उचलायला कुणीतरी ऑफिसात असतं. एकंदर चार आठवडे खुलं ठेवणं पुरेसं.

जाहिरात जिथे जाणकार बसतात तिथे करा. फाउंड्रीच्या प्रश्नासाठी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या बेळगाव आणि कोल्हापूर शाखा, आयटीआय, पॉलिटेक्निक, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ) खालची कॉलेजं, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती, आणि उद्यमबागेच्या गेटसमोरच्या टपऱ्यांवर एक ए-४ कागद. आपल्या धंद्याबाहेरच्यांनाही हाक द्या. कंपन्यांचे अडलेले प्रश्न बाहेरच्यांपुढे मांडणाऱ्या इनोसेंटिव्ह या संकेतस्थळावरच्या १६६ अवघड प्रश्नांचा अभ्यास झाला होता. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत अडलेल्या त्या प्रश्नांपैकी सुमारे ३० टक्के सुटले, आणि प्रश्नाच्या विषयापासून दूरच्या क्षेत्रातला माणूस जिंकण्याची शक्यता जास्त निघाली. कोअरमधल्या वायूचा प्रश्न खानापूरच्या कुंभारकाम जाणणाऱ्याला सुटू शकतो. ओल, भट्टी आणि वाफ त्याच्याही रोजच्याच.

साठीचा पॅटर्नमेकर गुगल फॉर्म भरणार नाही. त्याच्यासाठी व्हॉट्सअॅप व्हॉइस मेसेजचा नंबर ठेवा आणि गेटवर एक पेटी. बोललेलं लिहून काढायला एक माणूस नेमा आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. शंकांना खासगीत उत्तर देऊ नका; मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या शंका व उत्तरं सर्वांना दिसतील अशी टाका. एकालाच जास्त माहिती मिळाली ही कुजबुज सुरू झाली की नंतर थांबत नाही.

छाननी

वेळ आधीच मोजून ठेवा. १८० उत्तरं आली असं धरा. पहिल्या चाळणीला प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे ९ तास. उरलेली ३० दोघांनी वेगवेगळी वाचायची, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे २० तास. अंतिम सहा जणांशी पाऊण-पाऊण तास बोलणं, तीन परीक्षक, मिळून साडेतेरा तास. झाले साडेबेचाळीस. प्रॉडक्शन मॅनेजरला ‘वेळ मिळेल तसं बघ’ म्हणालात तर उत्तरं दिवाळीपर्यंत मेलमध्ये पडून राहतील.

पहिल्या चाळणीत एकच प्रश्न: अट पाळली आहे का? भट्टी बदला म्हणणारं उत्तर कितीही हुशारीचं असलं तरी बाजूला. आता चॅटबॉटकडून लिहून घेतलेली गुळगुळीत उत्तरंही ढिगाने येतात. त्यांना अडवायला फॉर्ममध्येच असा प्रश्न घाला ज्याचं उत्तर संच बारकाईने पाहिल्याशिवाय देता येत नाही: ‘तक्त्यातल्या हीट ४, ११ आणि १९ मध्ये रिजेक्शन २ टक्क्यांखाली गेलं. तुमच्या मते का?’ तक्ता ज्याने खरोखर वाचला त्याला दिसेल की त्या तिन्ही हीटमध्ये कोअर त्याच दिवशी वापरले होते. शिवाय हाताने काढलेलं एक चित्र मागा, वाकडंतिकडं चालेल.

दुसऱ्या चाळणीआधी नावं, गावं आणि मूळ भाषा झाका. सगळी उत्तरं एकाच भाषेत, नुसत्या क्रमांकाने. परीक्षकांपैकी एकाला कन्नड आणि एकाला मराठी सहज वाचता आली पाहिजे, म्हणजे भाषांतरात काही निसटलं तर तो मूळ पाहील. दहापैकी गुण द्या. कारण पटतं का याला ३, आपल्या मशिनवर जमेल का याला ३, महिन्याभरात चाचणी घेता येईल का याला २, खर्चाला २. दोघांच्या गुणांत तीनाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याने वाचायचं. दोघांना बसवून सरासरी काढू नका. एकाला वेडगळ आणि दुसऱ्याला उत्तम वाटलेल्या उत्तरात बहुधा काहीतरी असतं.

अंमलात आणणं जमेल का, हे शेवटी नव्हे, इथेच बघा. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये प्रेक्षकाला चित्रपट सुचवण्याची पद्धत सुधारायला १० लाख डॉलरची स्पर्धा लावली, २००९ मध्ये विजेत्याला पैसेही दिले, पण ती जिंकलेली पूर्ण पद्धत वापरात आणली नाही. ती बसवायचा खटाटोप मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा होता. नेटफ्लिक्सला ते झेपलं.

मतं नकोत, नोंदणी घ्या

अंतिम निवड लोकांच्या मतांवर सोडू नका. ब्रिटनमध्ये २०१६ साली संशोधन जहाजाला नाव सुचवा म्हटलं तर ‘बोटी मॅकबोटफेस’ हे पहिलं आलं. शेवटी जहाजाला वेगळं नाव द्यावं लागलं. आपल्याकडे थट्टा होणार नाही, पण मतदान गल्लीचं, मंडळाचं आणि भाषेचं होईल. ज्याचे व्हॉट्सअॅप ग्रुप जास्त त्याची चप्पल जिंकेल, आणि ती विकली जाईल याची कुणी हमी देणार नाही.

चप्पल कारखान्याने हे असं करावं. डिझाइन मागवा, कारागिरांना बसवून करता येण्याजोगी आठ निवडा, प्रत्येकाचा एक जोड बनवून फोटो काढा. मग मत न मागता १०० रुपये भरून नोंदणी मागा. नुसता लाइक देणारे आणि पैसे देणारे यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. ३० जोडांची नोंदणी झालेली डिझाइनंच कापायला घ्या. बाकीच्यांचे १०० रुपये आठ दिवसांत परत. साइज नोंदणीतच घ्या, नाहीतर ६ आणि ११ नंबरचे जोड पडून राहतात. डिझाइन देणाऱ्याला जोडामागे ठरावीक रक्कम द्या, टक्केवारी नको. टक्केवारीत ‘विक्री’ म्हणजे सवलतीआधीची की नंतरची, हा वाद येतोच. तुलनेसाठी, लेगो ही खेळणी करणारी कंपनी आपल्या ‘आयडियाज’ योजनेत १०,००० पाठिंबे मिळवून निवडल्या गेलेल्या डिझाइनला निव्वळ विक्रीच्या १ टक्का देते.

माल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणार असाल तर २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर आहेत. पारंपरिक घाट कुणा एका स्पर्धकाचा नसतो. त्यावर त्याने घातलेली नवी भर तेवढी त्याची.

नोंदणीचे पैसे घेताना तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल तर मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत मालात वळता झाला पाहिजे, नाहीतर तो ठेव समजला जातो. आणि ‘आमच्या कारखान्यात पैसे घाला, नफ्यात वाटा घ्या’ अशी जाहीर हाक चुकूनही देऊ नका. तो वेगळा आणि फार कडक कायदा आहे.

निकालानंतर

न निवडलेल्या प्रत्येकाला उत्तर जाऊ द्या, दोन ओळींचं पण कारणासह: ‘तुमचा उपाय पॅटर्न बदलल्याशिवाय करता येत नाही, म्हणून पुढे घेतला नाही. तुमचं चित्र आणि हक्क तुमच्याकडेच आहेत.’ अंतिम सहा जणांना फोन करा. सगळी उत्तरं, गुणपत्रकं आणि आलेल्या वेळेची नोंद तीन वर्षं जपा. ‘माझीच कल्पना चोरली’ म्हणणारा वर्षभराने येतो, तेव्हा तारीख दाखवता आली पाहिजे.

चाचणीच्या ३ हीट उतरल्या की विजेत्याचे पैसे द्या, त्यात मागेपुढे नको. पण दोष गेला, असं ग्राहकाला कळवायची घाई करू नका. मार्च-एप्रिलमध्ये बेळगावात उतरलेला उपाय जूनमध्ये फसू शकतो. पाऊस लागला की सँडची ओल चढते, रॅकवरचे कोअर हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि तीच छिद्रं परत दिसू लागतात. सप्टेंबरअखेरपर्यंत दर हीटचा तक्ता त्याच रकान्यांत भरत राहा आणि विजेत्यालाही पाठवत राहा. पावसाळ्यात आकडा चढला तर काय बदलायचं, हे सांगायला तोच सगळ्यात आधी धावत येईल.